माळ्यावरची सिस्टीम

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, पाहुण्यांना पाणी विचारायच्या आधी अगरबत्ती पेटवायचे. देवापुढे नव्हे. पेटती अगरबत्ती घेऊन ते पाहुण्यांना थेट स्वयंपाकघरात न्यायचे, ओट्याच्या वर बसवलेल्या पत्र्याच्या धुराड्याखाली ती धरायचे आणि बटण दाबायचे. आतला पंखा घरघरला की धूर सुळकन वर ओढला जायचा. मग वळून म्हणायचे, "बघितलंत? सिस्टीम आहे ही."

पाहुणे माना डोलवायचे. वर गेलेला धूर पुढे कुठे जातो, हे एकानेही कधी विचारलं नाही. पहिल्यांदा मीही नाही विचारलं, याची मला अजून लाज वाटते.

भावोजी बँकेत ऑफिसर आणि मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी. ऐंशीनंतरची ती वर्षं. जिकडेतिकडे नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या आणि प्रत्येकीला असा एक नग मिळतच होता. स्वतःच्या घरात काय चाललंय ते दिसायचं नाही, पण दुसऱ्याच्या गॅलरीतली कपड्यांची दोरी चार बोटं खाली आली की लगेच दिसायची. "बाहेरून बिल्डिंग दिसली पाहिजे," हे त्यांचं लाडकं वाक्य. त्यापायीच तळमजल्यावरच्या सामंतकाकूंनी एक्झॉस्ट फॅनसाठी भिंतीला पाडलेलं भोक त्यांनी विटा लावून बुजवायला लावलं होतं.

आणि इकडे ताईला दमा. गॅस संपला की नवा सिलिंडर येईपर्यंत रॉकेलचा स्टोव्ह. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, धूर घराबाहेर काढा, नाहीतर हिचं काही खरं नाही. आता सामंतकाकूंचं भोक बुजवणारे सेक्रेटरी स्वतःच्या भिंतीला भोक कसं पाडणार? मग भावोजींनी डोकं चालवलं. त्यांनी धुराड्याचा पाइप वर माळ्यात सोडला. हा माळा पॅसेजच्या डोक्यावर. त्याचं एक तोंड स्वयंपाकघरात, दुसरं बेडरूममध्ये, आणि बेडरूमकडची दारं कधीच नीट लागत नसत. म्हणजे दुपारी सगळं आवरून ताई पलंगावर आडवी झाली, की सकाळची फोडणी तिच्या उशाशी येऊन बसायची.

मला हे कळलं ते एकदा राहायला गेले तेव्हा. माझ्यासाठी म्हणून माळ्यावरची गादी काढली, तर ती काळी, चिकट, रॉकेलच्या आणि मोहरीच्या वासाने भरलेली. मी ती तशीच ओढत नेऊन भावोजींच्या पुढ्यात टाकली.

"भावोजी, सगळा धूर बेडरूममध्ये येतोय."

"किचनमध्ये आहे का?"

"किचनमध्ये नाही, पण..."

"मग झालं तर. सिस्टीम किचनसाठी आहे. तू बी.ए. ना गं? तुला टेक्निकल नाही कळायचं."

स्वतः बी.कॉम.

त्या पावसाळ्यात ताईला हॉस्पिटलात न्यावं लागलं. दोन दिवस ऑक्सिजनवर होती. आत ती एकेका श्वासासाठी झगडत होती आणि बाहेर हा माणूस डॉक्टरांना कागदावर पाइपचं चित्र काढून दाखवत होता. डॉक्टरांनी विचारलं, "आणि हे दुसरं टोक कुठे निघतं?" तर म्हणतात कसे, "ते आतल्या आत ॲडजस्ट होतं." त्या क्षणी मला त्यांची जी किळस आली, ती आजतागायत गेलेली नाही.

ताई घरी आली त्यानंतरचा पहिलाच रविवार. भावोजी खाली आवारात कमिटीच्या लोकांना बिल्डिंगचा नवा रंग दाखवत होते. ताई उठली, स्टोव्ह उचलला आणि रस्त्याकडच्या गॅलरीत नेऊन ठेवला. तवा चढवला आणि बांगडे तळायला घेतले. मी शेजारी बसून एकेक रव्यात घोळवून देत होते. खाली पाच-सहा माना वर झाल्या.

"अगं, आत जा," भावोजी खालून ओरडले. "बाहेरून काय दिसतंय ते."

ताई कठड्याशी आली. मोठ्याने बोलायला तिला दम पुरत नसे. त्या दिवशी पुरला.

"दिसू दे. मला इथे श्वास घेता येतो."

कमिटीतले लोक पुन्हा भिंतीच्या रंगाकडे बघू लागले. सामंतकाकू तेवढ्या आपल्या खिडकीतून मालवणीत म्हणाल्या, "उद्यापण थंयच कर गो."

मंगळवारी गवंडी आला. माळ्यातला पाइप निघाला आणि बाहेरच्या भिंतीतून आरपार गेला. मग सामंतकाकूंच्याही विटा काढाव्या लागल्या. भावोजींनी सोसायटीच्या वहीत लिहिलं, 'खास बाब'. अगरबत्तीचा खेळ चालूच राहिला, फक्त वाक्य बदललं. "हिच्या तब्येतीसाठी नियम वाकवला मी," असं ते ताईसमोर सांगायचे, आणि ताई चहा गाळत राहायची.

पुढे दोनेक वर्षांनी भावोजी अचानक गेले. शिस्तीचा माणूस होता म्हणून लोक हळहळले. मला हळहळ वाटली नाही, खोटं कशाला सांगू. ताई मात्र पुष्कळ रडली.

तेराव्याला त्यांच्या फोटोला हार घातला होता, पुढे अगरबत्ती लावली होती. माणसं बसलेली असतानाच ताईला खोकल्याची उबळ आली. ती उठली, फोटोपुढची अगरबत्ती स्टँडसकट उचलली आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. तिने ती धुराड्याखाली ओट्यावर ठेवली आणि बटण दाबलं.

"त्यांना इथेच आवडायची," ताई म्हणाली.

धूर सुळकन वर गेला. मी खिडकीतून बाहेर वाकले आणि तो भिंतीतून निघून जाईपर्यंत बघत राहिले.