इंग्रजी कॉलनीतली येळवस

आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक बंगल्याला धुराडं आहे. चूल कुणाच्याच घरात नाही. सोलापुरात मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, आणि ह्या शहाण्यांनी शेकोटीसाठी धुराडी बांधलीत! छपरं उतरती, कारण बर्फ घसरून खाली पडायला हवा म्हणे. बर्फ इथं पाहिलाय तो फक्त उसाच्या रसात. कॉलनीचं नाव इंग्रजी, दोन शब्दांचं, आणि त्या दोन्हींचा अर्थ मला अजून कुणी धड सांगितलेला नाही.

मी बार्शीच्या शाळेत मराठी शिकवायची. यजमान गेल्यावर मुलगा म्हणाला, "आई, एकटी राहू नकोस," म्हणून इथं आले. आले ती ह्या नाटकात येऊन पडले.

नाटकाचे सूत्रधार आमच्या कॉलनीचे अध्यक्ष. त्यांची मुलगी विलायतेत, लंडनबाहेरच्या कुठल्याशा श्रीमंत वस्तीत राहते. हे तिथं पंधरा दिवस राहून आले आणि तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीला लागेनात. तिथं कुणी रस्त्यात मोठ्यानं हाक मारत नाही. तिथं वाळत घातलेला कपडा बाहेरून दिसत नाही. तिथं मेंदीचं कुंपण दर रविवारी कातरतात. झालं! आमच्याकडे गच्चीवर कुरडया घालायला बंदी आली. माझी सून खिडक्या लावून भाकरी थापते, कारण थापण्याचा आवाज शेजारी जातो. गावात नळाला चार-चार दिवस पाणी नाही आणि आमच्या हिरवळीला रोज टँकर. तरी उन्हाळ्यात ती हिरवळ मधोमध फाटतेच. काळ्या रानाचा गुण तो. विलायतेचे फोटो दाखवून काळी माती ऐकते होय?

गेल्या दिवाळीनंतर अध्यक्ष घरी आले. "मॅडम, तिथं प्रत्येक गल्लीला इतिहास असतो. दारात पाटी लावतात. आपल्या गेटवरही लावायची आहे. तुम्ही लिहा."

मला काय, मास्तरकीची खोड. म्हटलं, लिहिते. पण दहा वर्षांच्या कॉलनीचा इतिहास विचारायचा कुणाला? विचारला तो ताकवाल्या म्हातारीला.

ही म्हातारी दिवसाआड गेटवर ताक आणि भाजी घेऊन येते. दुधनीकडचं माहेर, त्यामुळं राग आला की कानडीत बोलते. पाऊणशे वर्षांची असेल, पण जीभ अजून कोवळ्या काकडीसारखी. रस्त्यापलीकडच्या वस्तीवर मुलाकडे राहते. आमची अख्खी कॉलनी तिच्या रानात उभी आहे. धनी वारले, मुलांनी रान बिल्डरला दिलं, तिनं अंगठा उठवला. "पोरांचं रान, पोरांनी इकलं," एवढंच म्हणते.

तिनं मला सगळं सांगितलं. कुठं शाळू यायचा, कुठं करडई, विहीर कुठं बुजवली. आणि क्लबच्या मागच्या लिंबाखालचे पाच पांडव. पांडव म्हणजे पाच दगड. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आमच्या भागात शेतकरी रानात जातात, पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पुजतात, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील असा नैवेद्य दाखवतात, रानाभोवती आंबील शिंपतात आणि मग रानात दिसेल त्याला बोलावून जेवू घालतात. ओळखीचा असो नसो. रानात आलेला माणूस त्या दिवशी उपाशी गेला तर धनिणीला पाप लागतं.

रान गेलं तरी म्हातारी दर येळवशीला मागच्या कुंपणातल्या फटीतून आत यायची, पांडव पुजून जायची. औंदा तिथं मेंदी लावून फट बंद केली होती.

"बाई, लगीन हून आल्यापास्नं एक येळवस चुकली न्हाय माजी," ती म्हणाली. "औंदा चुकली तर मला मरन बी धड यायचं न्हाय." डोळे भरले होते तिचे. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "मी नेते तुला आत. शब्द माझा."

इतिहास मी चार ओळींत लिहिला. हे शाळूचं रान होतं, इथं विहीर होती, इथं येळवस व्हायची. अध्यक्षांनी वाचला, चष्मा काढला. "मॅडम, हे फार शेतकरी झालं." पंधरा दिवसांनी गेटबाहेर संगमरवरी पाटी उभी राहिली. तिच्यावर इंग्रजीत काय, तर इथं पूर्वी गोरा साहेब तंबू ठोकून काळविटाच्या शिकारीला यायचा! कोण साहेब, कुठला साहेब, कुणी पाहिला? मेलेल्या म्हशीला मणभर दूध. माझा मुलगा कमिटीत आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "आई, कुणाचं काय बिघडतंय?"

येळवशीच्या दिवशी दहाच्या सुमाराला म्हातारी गेटवर आली. डोक्यावर टोपली, कडेवर आंबिलीचं मडकं, अंगावर ठेवणीतलं इरकली लुगडं. वॉचमननं अडवलं. आमच्याकडे पाहुणा आला की मोबाइलवर परवानगी घ्यावी लागते, आणि आमच्या घराचा नंबर मुलाचा. त्यानं ऑफिसात बसून नकार दाबला. मी फोन केला तर म्हणतो, "आज पाटीचं उद्घाटन आहे. पाहुणे येणार. आजच काय अडलंय तिचं?"

"अरे, सण आजच आहे ना!" मी ओरडले. दारात उभी राहून, रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. अध्यक्षांच्या विलायतेत चाललं नसतं.

चपला घालून तरातरा गेटवर गेले. वॉचमनला म्हटलं, "उघड." तो बिचारा रडकुंडीला आला. "आजी, नोकरी जाईल माझी." त्याला काय बोलणार? माझा शब्द असा भर उन्हात वाळून चालला होता आणि म्हातारी टोपली डोक्यावर घेऊन नुसती उभी होती.

तेवढ्यात ती म्हणाली, "अगं बया! हे हितं कसं आलं?"

नव्या पाटीच्या पायथ्याशी, फुलझाडांच्या भोवती, पाच पांढरे दगड मांडले होते. लिंबाखालचे. चुना लावलेले गोल दगड दिसले, विलायती बागेत शोभतात म्हणून अध्यक्षांनी माळ्याकडून उचलून आणवले होते. देव दारात आणून मांडले आणि ह्यांना पत्ता नाही! आणि ती बाग गेटच्या बाहेर. तिथं जायला कुणाची परवानगी नको.

म्हातारीनं डोक्यावरची टोपली उतरवली. पदर खोचला, दगडांना हळद-कुंकू लावलं, नैवेद्य दाखवला. मग रस्त्याकडेनं, मेंदीच्या कुंपणाला, जाईल तिथवर आंबील शिंपत गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता की मला भडभडून आलं. पंचपक्वान्नाच्या पंगतीत नसेल एवढं सुख मला त्या मातीत बसून झालं.

आणि नेमके तेव्हाच अध्यक्ष आले. कोट घालून, उद्घाटनाचे चार पाहुणे घेऊन. पाटीसमोर कुंकू, निवद, उदबत्ती. तोंड उघडलं त्यांनी, पण देवापुढं रागवायची छाती होईना. हात आपोआप जोडले गेले. बूट निघाले.

म्हातारी आनंदानं पुढं झाली. "या, या. पावनं दिसताय. कुनीकडचं?"

अध्यक्ष म्हणाले, "इथलाच मी."

"हितलं? मग मी कसं वळखंना?" तिनं त्यांना न्याहाळलं. टोमणा नव्हता हो त्यात, खरंच आठवत होती. "असू द्या. रानात आलाय, उपाशी जाऊ नका."

कोट सावरत अध्यक्ष मातीत बसले. त्यांचे पाहुणेही बसले. भज्जी खाल्ली, उंडे खाल्ले, अध्यक्षांनी आंबील दोनदा मागून घेतली आणि ती त्यांच्या टायवर सांडली. मी पळी घेऊन वाढत होते. मनातल्या मनात अशी हसत होते म्हणता! म्हटलं, खा लेको, धनिणीच्या दारात खा. मी तिच्या बाजूची. मी तिला शब्द दिलेला. मी ह्यांच्यातली नाही.

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं आणि हातातली पळी हळूच काढून घेतली.

"तुमी का वाढताय, बाई? तुमी बी पावनंच की. बसा त्येंच्याजवळ."

अध्यक्षांनी सरकून जागा केली. मी बसले.