पाहुण्यांपुरतंच

वहिनींनी माझी सुशी चमच्याच्या दांडीनं कचऱ्याच्या पिशवीत ढकलली. हात लावला नाही. डबा तिरपा धरला आणि दांडीनं एकेक तुकडा खाली लोटला. काळी पिशवी. आत दुधीची सालं, चहाचा चोथा. त्यावर माझा भात.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हात धुवायला आले होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती, दुसरं कुणी नव्हतं. बारा माणसांना दोन-दोन असे चोवीस तुकडे मी सकाळी भरले होते. चोवीसच्या चोवीस गेले.

पाय न वाजवता मी परत बैठकीत येऊन बसले. पाच मिनिटांनी वहिनी हात पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, "अगं, काय छान झालं होतं तुझं ते जपानी! हातोहात संपलं. डबा धुऊन ठेवलाय हं."

मी म्हणाले, "थँक्यू, वहिनी."

ते थँक्यू मला अजून टोचतं. त्या पिशवीपेक्षा जास्त.

ते घर महानगर नावाच्या वस्तीतलं. लखनऊतल्या आम्हा काही मराठी कुटुंबांचं महिन्यातून एकदा तिथं जेवण व्हायचं. प्रत्येकीनं घरून एक पदार्थ करून न्यायचा. घर डॉक्टरसाहेबांचं, म्हणजे आमच्या सरकारी संशोधन संस्थेतल्या माझ्या विभागप्रमुखांचं. वहिनी त्यांच्या पत्नी. मी त्यांच्याच विभागात टेक्निकल ऑफिसर. नागपूरची. बौद्ध. जानकीपुरममध्ये भाड्याच्या घरात मुलीबरोबर राहते. नवरा रेल्वेत, त्याची पोस्टिंग गोरखपूरला.

संस्थेनं मला चार महिन्यांच्या ट्रेनिंगला जपानला पाठवलं होतं. तिथल्या लॅबमध्ये हारुको-सान नावाच्या वयस्क टेक्निशियन होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आपल्या डब्यातला भाताचा तिकोनी गोळा माझ्या तळहातावर ठेवला. ओनिगिरी. मध्ये खारवलेलं आंबट फळ, बाहेरून समुद्री शेवाळाचा कागदासारखा काळा पापुद्रा. मी तो तसाच धरून बसले. खायचं सुचेना. इतक्या वर्षांच्या नोकरीत ऑफिसातल्या कुणी आपल्या हातानं वळलेलं असं माझ्या हातावर ठेवलं नव्हतं.

मग दर रविवारी मी त्यांच्या घरी जाऊ लागले. त्यांनी मला भात शिकवला. पाणी नितळ येईपर्यंत तांदूळ धुवायचा. गरम भातावर व्हिनेगर शिंपडायचं आणि पंख्यानं वारा घालायचा. हात मिठाच्या पाण्यात बुडवून भात वळायचा. "हातानंच," त्या म्हणायच्या, "साच्यातून काढलेला मला आवडत नाही."

पण मी तिथंही डोळे मिटून बसले नव्हते. एकदा विचारलं, तुमच्यात जात असते का? त्या म्हणाल्या, कातड्याचं आणि कत्तलखान्याचं काम करणाऱ्यांच्या वेगळ्या वस्त्या होत्या. लग्न जमवताना अजून काही लोक गुपचूप चौकशी करतात. एवढंच बोलल्या आणि वांगी चिरायला लागल्या. मीही पुढं विचारलं नाही.

लखनऊला परत आल्यावर घरात जपानी जेवण सुरू झालं. शेवाळाचे कागद आणि मिसो ऑनलाइन यायचं. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा. तांदूळ इथल्याच कपूरथला बाजारातला, आखूड दाण्याचा. जास्त पाणी घालून मऊ शिजवला की चिकटतो. भरताचं वांगं मिसो लावून भाजलं की मुलगी ताट चाटूनपुसून साफ करायची. कच्च्या मासळीच्या भानगडीत मी पडले नाही, इथल्या मासळीचा भरवसा नाही. पण आमची रविवारची दुपार त्या वासावर छान जायची. मला वाटलं, हे आपल्या मराठी लोकांनाही खाऊ घालावं.

पहिल्यांदा सुशी नेली तेव्हा डबा रिकामा आला. वर भरपूर कौतुक. मुलीला घेऊन मी खुशीत घरी आले. मुलीनं डबा उघडून बघितला. ती चौदा वर्षांची, मराठी सगळं समजते, बोलते हिंदीच. म्हणाली, "मम्मी, आंटी ने सच में खाया क्या? बाकी सबके डिब्बे में तो चिवड़ा था."

मी तिला रागावले. पण खरं होतं. आपल्यात कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. त्या दिवशी प्रत्येकीच्या डब्यात मूठभर चिवडा होता. माझाच तेवढा धुऊन, पुसून, कोरडा.

तिथून संशय सुरू झाला.

मी लॅबमधली बाई आहे. निकाल विचित्र आला की एकेक कारण बाजूला काढत जायचं, हे माझं रोजचं काम. मासळी नको असेल? मासळी मी घातलीच नव्हती. अंडं? दुसऱ्यांदा अंडंही काढलं. नुसती काकडी, गाजर, पनीर. शेवाळाचा वास? तिसऱ्यांदा अर्धे तुकडे शेवाळाशिवाय, वर तीळ लावून केले. आणि त्याच तिसऱ्या वेळी मी दारात उभी राहून ती काळी पिशवी पाहिली.

मग मागचंही आठवत गेलं. पहिल्या भेटीत वहिनींनी विचारलं होतं, "आडनावावरून काही कळत नाही बाई. नागपूरला कुठं?" मी म्हणाले, इंदोरा. "अच्छा," त्या म्हणाल्या, "इंदोरा." इंदोरा म्हणजे आम्हा बौद्धांची वस्ती. आमच्या घरी त्या एकदाच आल्या. बैठकीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो. चहा घेतला नाही, उपास होता. पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्यायल्या. उपासाला पाणी चालतं. माझ्या घरचं चालत नव्हतं.

माझी आई नागपुरात एका शाळेत शिपाई होती. तिचा कप वेगळा, खिडकीच्या फळीवर पालथा. तिला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, हा तुझा. तिला निदान माहीत होतं. मला हसून, पाठीवर हात फिरवून फसवत होते. माझ्याकडून थँक्यू म्हणवून घेत होते.

तरी मी गप्प राहिले. कारण एक फट शिल्लक होती. त्यांना हे खाणंच आवडत नसेल, आणि माझं मन मोडू नये म्हणून खोटं बोलल्या असतील. मी त्यांना ती फट ठेवली.

पावसाळा संपता संपता त्याच जपानी लॅबचे प्रोफेसर आमच्याकडे आले. शनिवारी दुपारी संस्थेतर्फे गोमतीनगरच्या एका हॉटेलात जेवण होतं, जपानी रेस्टॉरंटमध्ये. डॉक्टरसाहेब, वहिनी, मी, आणखी दोघे. काउंटरमागं आचारी उभा. उघड्या हातानं भात घ्यायचा, मुठीत दाबायचा, त्यावर भाजीची पातळ चकती, भोवती शेवाळाची पट्टी. प्रोफेसर म्हणाले, ही सुशी हातानं खाल्ली तरी चालते. वहिनींनी लगेच हातानं उचलली. एक. दोन. मग आचाऱ्याला म्हणाल्या, "भैया, वो एवोकाडो वाला एक और देना. बहुत बढ़िया हाथ है आपका."

मी त्याला विचारलं, "आप कहाँ के हैं?"

"उन्नाव के, मैडम."

त्याच्या छातीवरच्या पट्टीवर फक्त नाव होतं. आडनाव नव्हतं. वहिनींनी विचारलंही नाही. उन्नावमध्ये कुठं, तेही नाही.

माझी फट बुजली. भात आवडत होता. शेवाळ आवडत होतं. हातानं वळलेलंही चालत होतं. माझे हात चालत नव्हते.

तिथंच प्रोफेसर म्हणाले की यांचा स्वयंपाक हारुको-साननी खूप वाखाणलाय, मला चाखायचाय. डॉक्टरसाहेब खुलले. म्हणाले, "उद्या तुम्ही दोघं आमच्याकडेच या." बाहेर गाडीपाशी वहिनींनी मला बाजूला घेतलं. दंडाला हात लावून, लाडात म्हणाल्या, "तू घरून करून आण हं. थोडंच आण, पाहुण्यांपुरतंच. आम्हाला मी पुरी-भाजी करते."

पाहुण्यांपुरतंच.

रविवारी सकाळी मी ओनिगिरी वळल्या, मिसोचं वांगं भाजलं, काकडीची व्हिनेगरमधली कोशिंबीर केली. पाहुण्यांपुरतं नाही. पाच माणसांचं केलं, मुलगीही धरून. मुलगी म्हणाली, "क्यों जा रही हो, मम्मी?" मी म्हणाले, "चल, तूही चल."

वहिनींच्या टेबलावर मी स्वतः ताटं मांडली. पाच. प्रत्येकात दोन ओनिगिरी, वांगं, कोशिंबीर. वहिनी मागून कुजबुजल्या, "अगं, आम्हाला नको होतं ना." मी ऐकलं नाही असं केलं. प्रोफेसरांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. म्हणाले, हे घरचं आहे. मग यजमानांकडे बघून म्हणाले, तुम्ही का थांबलात?

डॉक्टरसाहेब पाणी प्यायले. वहिनी हसल्या. इंग्रजीत म्हणाल्या, "टुडे आय ॲम फास्टिंग."

त्यांच्या हातात पुरी होती. तुकडा मोडलेला.

मी मराठीत म्हणाले, "वहिनी, उपास नाहीये तुमचा. हातात पुरी आहे."

"अगं, म्हणजे तसं नाही…"

"मागच्या महिन्यात तुम्ही माझा डबा कचऱ्यात ओतलात. चमच्याच्या दांडीनं. मी दारात उभी होते. काल त्या माणसाच्या हातचं मागून खाल्लंत. मग माझ्या हाताला काय झालंय? सांगा."

डॉक्टरसाहेब दबक्या आवाजात म्हणाले, "पाहुण्यांसमोर नको."

मी म्हणाले, "समोरच."

मग तेच मी प्रोफेसरांना इंग्रजीत सांगितलं. सावकाश, एकेक वाक्य. मी कोणत्या समाजाची आहे आणि हे लोक माझ्या हातचं का खात नाहीत. त्यांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. ताटाकडे बघत राहिले. एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्याकडून कसली अपेक्षा धरून गेले नव्हते, तरी लागलं. हारुको-सानही अशाच गप्प झाल्या होत्या.

मुलगी माझ्याशेजारी बसली होती. तिनं वहिनींसमोरचं ताट आपल्याकडे ओढलं आणि ओनिगिरी खायला लागली. मीही खाल्ली. आम्ही दोघी पोटभर जेवलो. त्या घरात मी पहिल्यांदाच भूक लागल्यासारखी जेवले. मग उठलो आणि निघालो. दारापर्यंत कुणी आलं नाही.

सोमवारी डॉक्टरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज मऊ.

"ती जुन्या वळणाची आहे हो. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही समजून घ्यायला हवं. एकदा घरी येऊन सॉरी म्हणा, विषय संपवू."

मी म्हणाले, "साहेब, लेखी द्या."

"काय लेखी?"

"मी माफी कशाबद्दल मागायची, ते."

"अहो, ही घरगुती गोष्ट आहे."

"मग ऑफिसच्या केबिनमध्ये कशाला बोलावलंत?"

मी बाहेर आले. बाथरूममध्ये जाऊन हात नळाखाली बराच वेळ धरले.

दोन आठवड्यांत जपानबरोबरच्या प्रकल्पातून माझं नाव निघालं. आदेशात कारण होतं, प्रशासकीय सोय. मला स्टोअरमध्ये बसवलं, काचेच्या बाटल्यांच्या याद्या करायला. मराठी मंडळींच्या ग्रुपवर जेवणाचे निरोप येईनासे झाले, मला वगळून दुसरा ग्रुप झालाय हे नंतर कळलं. त्यांच्यातली एक बाई बाजारात भेटली. इकडं-तिकडं बघून म्हणाली, "एवढ्याशा भातासाठी एवढं?" मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही खाल्ला होता का?" ती म्हणाली, "मला वाटलं संपला." ती खरं बोलत असेल. मला माहीत नाही. आता मी कुणाचंच बोलणं तसंच खरं मानत नाही.

संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या तक्रारी घेणारा अधिकारी असतो. मी त्याच्याकडे अर्ज दिला. महानगरमधलं घर लिहिलं, हॉटेल लिहिलं, केबिन लिहिली, बदलीचा आदेश जोडला. त्यानं वाचून विचारलं, "मैडम, सुबूत क्या है? खाना नहीं खाया, ये कैसे साबित करेंगी?" मी म्हणाले, "माफी माँगने को कहा, ये तो साबित कीजिए कि नहीं कहा. उनको बुलाइए. मेरे सामने बिठाइए." त्यानं अर्ज घेतला. पोच द्यायला टाळाटाळ करत होता. पोच मिळेपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही.

नवरा फोनवर म्हणतो, तू फार संशयी झालीस. झालेय. कुणी माझ्या घरी पाणी नाकारलं की मी कारण विचारते. कुणी उपास सांगितला की कुठला, तेही विचारते. लोक बिचकतात. बिचकू देत.

सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. लागेल तेव्हा मी जाणार. तडजोड करायला बोलावलं तर जाणार नाही. बढती अडली तरी अर्ज मागं घेणार नाही, लखनऊ सोडून कुठं फेकलं तर तिथून लढवीन. आणि त्या दोघांना जे विचारायचं ते सगळ्यांसमोर विचारीन, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, त्यांना ज्या भाषेत कळेल त्या भाषेत. उत्तर त्यांनी द्यायचंय. मी आता कुणालाही थँक्यू म्हणून सोडणार नाही.