कपाळावरचा घाम

लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत आमच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना आहे. मी तिथं नर्स. तान्हं लेकरू आलं की बाई आधी आईला पाजायला बसवतात, स्वतः स्टूल ओढून लेकराच्या कपाळाकडं बघत राहतात. मशीन नंतर, आधी डोळे. स्टेथोस्कोप तोवर मुठीत धरून गरम करतात.

परवा औशाची एक आजी सून आणि नातवाला घेऊन आली. नातू भर उन्हाळ्यात कुंचीत गुंडाळलेला. "उन्हानं लई घाम येतो याला," आजी म्हणाली. बाईंनी कुंची काढली, पंखा लावला. तरी दूध ओढताना कपाळ भिजलंच, आणि लेकरू धापा टाकत मधेच थांबलं.

"आजी, हा उन्हाचा घाम न्हाई." बाईंनी लगेच मशीन ओढून हृदयाचा इको केला.

सुनेनं विचारलं, "काय निघालं?"

"आधी त्याचं पोट भरू दे, माय."

बाहेर नंबरवाले कुरकुरत होते. बाई हलल्या नाहीत. लेकरू थांबत थांबत प्यालं आणि झोपलं. मग त्या सुनेजवळ सरकल्या.

"हृदयाला छिद्र हाय. औषध आजच चालू करू, पुढं ऑपरेशन. अशी लेकरं नंतर पळताना बघितलीत मी. आता रड तू, हवं तेवढं."