काळं रान आणि छप्पर कापलेली गाडी

पत्रा कापताना माझा हात हलत नाही. सव्वीस वर्षं एका सरकारी प्रशिक्षण संस्थेत पत्रेकाम आणि वेल्डिंग शिकवल्यावर एवढं सांगायचा हक्क मिळतो. दरवर्षी पहिल्या तासाला मुलं दाराशीच थबकतात, आपण चुकून शिवणकामाच्या वर्गात आलो की काय अशा चेहऱ्यानं. मी काही बोलत नाही. दोन पत्रे जोडून दाखवते आणि मग हजेरी घेते.

तर गाडी. ती बाबांची. गोल बोनेटची, चार दारांची, त्यांनी घेतली तेव्हाच जुनी झालेली. गावात त्यांनी ती दहा-बारा वर्षं मिरवली, आणि इंजिन बसलं तेव्हा गोठ्याच्या कडेला उभी केली ती कायमची. बाबा गेल्यावर वर्षभरात दादाचा फोन आला, सही करायला ये म्हणून.

आमच्याकडे बहिणींनी शेतावरचा हक्क सोडायचा असतो. कोणी दमदाटी करत नाही. भाऊ सन्मानानं बोलावतो, वहिनी साडी आणते, तहसीलमधलं काम अर्ध्या तासात उरकतं आणि मग सगळे मिळून कचोरी खातात. मीही केली सही. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला काही वाटलंसुद्धा नाही. फक्त वहिनीची साडी परत केली आणि दादाला म्हटलं, "मले ते गोठ्यातली गाडी दे."

दादा हसला. "ते भंगार? घेऊन जाय वं. कोंबड्या बसते तिच्यात."

नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या आमच्या घराला शटरचं गॅरेज आहे. नवऱ्याची कार तिथून निघून बाहेर कडुलिंबाखाली गेली, ती अजून तिथेच आहे, आणि त्याबद्दल तो अजून बोलतो. मला बाबांची गाडी पूर्वीसारखी करायची नव्हती. तशा करून, फुलं लावून वरातीला देणारे पुष्कळ आहेत. मला हॉट रॉड करायची होती. म्हणजे अंग जुनंच, पण छप्पर कापून खाली आणलेलं, इंजिन उघडं, मागची चाकं जाड आणि सगळी गाडी जमिनीलगत बसवलेली. अशी गाडी मी फक्त व्हिडिओत पाहिली होती, पण पाहिल्याबरोबर कळलं होतं की हे मला येतं.

अडीच वर्षं लागली. रविवार आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या. मे महिन्यात वेल्डिंग करायचं तर कूलर बंद ठेवावा लागतो, कारण त्याच्या वाऱ्यानं जोडावरचा गॅस उडतो आणि जोडाला भोकं पडतात. तेव्हा नागपूरच्या उन्हाळ्यात जाड कातडी ॲप्रन चढवून बसायचं. नवरा दर तासाला पन्हं आणून ठेवायचा आणि एक शब्द न बोलता निघून जायचा. त्याचं न बोलणं मला व्यवस्थित ऐकू यायचं.

छप्पर हे यातलं खरं काम. काचांच्या मधले खांब चार बोटं कापले की छप्पर खाली येतं, पण पुढचा खांब तिरका असतो, त्यामुळे ते जागेवर जुळत नाही. मग छप्पर मधोमध चिरून लांब करावं लागतं. मी तीनदा पुठ्ठ्याचं करून पाहिलं आणि चौथ्यांदा ग्राइंडर लावला. आज तो जोड कुठे आहे ते मलाही बोट फिरवून शोधावं लागतं.

नेमकं त्याच आठवड्यात दादा गुडघा दाखवायला नागपूरला आला आणि सरळ गॅरेजमध्ये शिरला. छप्पर भिंतीला टेकून उभं होतं. गाडी वरून उघडी.

"बाबाची गाडी कापली तू?"

"कापली नाही. बनवून राहिली."

"त्या छपराखाली बसत होते वं बाबा."

माझं डोकं फिरलं. "दिली ना मले? मग माही झाली. तू बाबाच्या हातचा संत्र्याचा बगीचा तोडला, तवा मी काही म्हटलं काय?"

तो चहा न घेता गेला. पुढचे आठ महिने फोन नाही. राखी मी पोस्टानं पाठवली, तिचीही पोच नाही. मी माझ्या जागी बरोबर होते, अजूनही म्हणते. पण बरोबर असल्यानं करमत होतं असं नाही.

दसऱ्याच्या सुमारास इंजिन लागलं. एका जुन्या जीपचं, पूर्ण खोलून मी स्वतः बांधलेलं. पहिल्याच झटक्यात सुरू झालं आणि शेजारच्या घराच्या काचा थरथरल्या. मी आत बसून मोठ्यानं हसले. मग शटरपाशी गाडी बंद केली, कारण पुढे रस्ता होता.

अशी कापलेली गाडी रस्त्यावर काढता येत नाही. कायद्यानं परवानगी मिळत नाही, आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. खाजगी जागेत मात्र कोणी अडवत नाही. मिहानच्या औद्योगिक वसाहतीकडचे ते लांबलचक सरळ रस्ते पाहून माझे हात शिवशिवायचे, पण तेही रस्तेच. नवरा म्हणाला, "दादाले विचार. त्याच्याकडं जमीनच जमीन आहे."

त्याच्याकडे. हा शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा टोचला. जिथे मी चालायला शिकले, तिथे गाडी फिरवायला मला आता विचारावं लागणार होतं. आणि त्यानं नाही म्हटलं तर? गाडी गॅरेजमध्ये राहिली असती, ते मी सोसलं असतं. पण माहेरी आपलं काहीच नाही, हे स्वतःच्या कानांनी ऐकावं लागलं असतं. तीन दिवस मी फोन हातात घेत होते आणि ठेवत होते. अशी मी कधी वागत नाही.

शेवटी लावला. "दादा, मले गाडी पळवाले एक पट्टी पाह्यजे. लांब, सरळ. देतं काय?"

"पाहू," म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या 'पाहू'वर मी चार महिने काढले. होळीच्या आठवड्यात फोन आला. हरभरा निघाला, पट्टी तयार आहे, घेऊन ये. एवढंच. मी गाडी मालवाहू ट्रकवर चढवली आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसून गावाला गेले. वाटेत मनाशी जागाही ठरवून टाकली. नाल्याच्या वरच्या अंगाला आमचं बरड आहे, सगळा मुरूम, कुसळाशिवाय काही उगवत नाही. तिथेच असणार, म्हटलं.

दादानं ट्रक विहिरीकडे वळवायला लावला. तिथलं रान म्हणजे शेतातलं सोनं, काळंभोर. त्याच्या मधोमध त्यानं पट्टी काढली होती. नांगरून, ढेकळं फोडून, फळी फिरवून इतकी सपाट की वर कणीक चाळावी. रब्बीत तिथे पेरलंही नव्हतं. आजूबाजूला हरभरा काढलेला दिसत होता आणि मधे हा एकरभर रिकामा तुकडा.

मला तिथेच कळायला हवं होतं. पण मी गाडी उतरवली, बसले आणि दाबली. दहा फूटही गेले नसेन. नांगरलेली काळी माती ती, मागची चाकं जागच्या जागी फिरली, खाली गेली, आणि गाडीचं पोट जमिनीला टेकलं. अडीच वर्षांची मेहनत हळदीच्या गड्ड्यासारखी मातीत.

मी उतरले ती ओरडतच. "दादा, गाडी आहे हे. पेराले हरभरा नाही आणला मी. नांगरलं काहून? आपलं बरड काय वाईट होतं?"

त्यानं वाकून रुतलेल्या चाकाची माती हातानं बाजूला केली. मग म्हणाला, "बरड कसं देऊ वं तुले? तू पहिल्यांदा काही मागतलं. सगळ्यात चांगलं रान होतं ते देल्लं."

मला रडू आलं. तोंड फिरवलं नाही, तिथेच रडले.

मग त्यानं ट्रॅक्टर आणला, मागून दोर लावला आणि गाडी इतक्या जपून ओढली की एक ओरखडा नाही. आम्ही बरडावर गेलो. तिथे ती जी पळाली! मुरूम चाकाखाली कडकडत होता, कापलेल्या छपराखालून समोरची टेकडी पट्टीएवढी दिसत होती, आणि वळताना मागचं चाक हलकेच सरकलं तेव्हा मला समजलं की गाडीचं वजन मी पुढे-मागे अगदी बरोबर वाटलंय. चार फेऱ्या मारल्या. पाचव्यांदा दादाला शेजारी बसवलं. मान वाकवून आत आला, कुठे धरावं ते त्याला कळेना. फेरी संपल्यावर त्यानं वर हात नेला आणि छपरावरून बोटं फिरवली.

"जोड सापडून नाही राहिला," म्हणाला.

"सापडणार बी नाही."

थोड्या वेळानं म्हणाला, "ते विहिरीजवळचं तुह्यंच राहीन. मी पेरत जाईन, पण तुह्यं समजून."

अशा वेळी बहिणीनं काय म्हणायचं असतं ते मला पाठ आहे. राहू दे दादा, तू म्हटलंस त्यातच आलं. ते वाक्य ओठांपर्यंत आलंही. मी इंजिन बंद केलं.

"समजून नको, दादा. कागद कर."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी गंमत केली असं म्हणेन, याची तो वाट पाहत होता. मी म्हटलं नाही, नजरही हलवली नाही. समोरून वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बरड चढत होती, तिच्याकडे त्याचं लक्ष गेलं. ती पोचण्याआधी तो माझ्याकडे वाकला.

"सोमवारी तहसीलमध्ये ये," तो हळूच म्हणाला. "तुह्या वहिनीले मी सांगतो."