धुक्यात दोघंही मधोमध

माझा दादा दर्यापूर-अकोला रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचा. गेल्या हिवाळ्यात सकाळच्या दाट धुक्यात समोरून दुसरी काळीपिवळी आली आणि दोन्ही गाड्या समोरासमोर आदळल्या. दादा जागीच गेला. त्याच्याशेजारी आमच्या गावची एक मुलगी बसली होती, अकोल्याला नर्सिंग शिकायची. तीही गेली. तिची आई आमच्या शेतात झेंडू तोडायला यायची.

धुक्यानं घात केला, असं घरात सगळे म्हणत. मला मात्र अमरावतीला राजापेठेत खोली घेऊन शिकत होतो तेव्हाचा वर्गातला एक तास आठवत राहिला. बाबांनी झेंडू विकून मला इंजिनिअर केलं आणि कॉलेजातल्या एका सरांनी मला विचार करायला शिकवलं. दोघांचे उपकार फिटायचे नाहीत. सरांनी त्या दिवशी अगदी सुरुवातीच्या काळातल्या प्रवासी विमानांचा एक अपघात सांगितला. तेव्हाचे वैमानिक खालचा रस्ता बघत बघत वाट काढायचे. दोन शहरांतून निघालेली दोन विमानं खराब हवेत एकाच रस्त्यावरून एकमेकांकडे आली आणि हवेतच धडकली.

"सर, हॉर्न वाजवायचा ना!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं. वर्ग हसला.

सर हसले नाहीत. "रस्त्याच्या बरोबर वरून उडा, असं धुक्यानं सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "सोपं पडायचं, म्हणून दोघंही तसेच उडत होते."

आमच्याकडे डांबराच्या कडेला काळी माती आहे. ओल असली की खाली उतरलेलं चाक रुतून बसतं, गाडी कलंडते. म्हणून सगळेच मधून चालवतात आणि समोर दिवे दिसले की अर्धा रस्ता सोडतात. त्या सकाळी दिवे दिसले तेव्हा सोडायला वेळच उरला नव्हता.

तेरवी झाल्यावर वहिनीनं मला विचारलं, "भाऊजी, तुमी शिकलेले आहा. मले खरं सांगा. त्यायची काहीच चूक नव्हती ना? फुलं तोडाले ती बाई येईन, तं मी तिले काय सांगू?"

"वहिनी, धुकं तं होतंच. पण गाडी मधात होती. दोघायचीही."

आई आतून कडाडली, "मेल्यावर त्याले काहून बोल लावून राहिला तू? याच्यासाठी शिकवलं का तुले?"

मी वहिनीला विमानांची गोष्ट सांगितली. ती ऐकत होती. मग एवढंच म्हणाली, "म्हणजे धुकं होतं असं सांगून भागत नाही."

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच त्या बाईच्या घरी गेली. मी सोबत होतो. ओसरीवर उभ्या उभ्याच तिनं सांगून टाकलं, "मावशी, आमच्यायची चूक होती. गाडी मधातून चालवली."

बाईनं वर पाहिलं नाही. "मले मालूम हाये. पोरगी घरी येऊन सांगे, माय, भाऊ मधातून गाडी चालवते. मीच म्हणो, चालवू दे वं, बाजूनं गेला तं पलटी खाईन."

वहिनी तिच्याजवळ बसायला गेली. बाईनं हातानंच तिला थांबवलं. "आता जाय बाई तू. खरं बोलली, बरं केलं. पण मले तुह्या वावरात येनं होनार नाही."

यंदा झेंडू आम्ही घरच्यांनीच तोडला. पुष्कळसा झाडावरच वाळला.