टोरांटो ते ओझर, फक्त पंधरा तास!

टोरांटोहून नाशिकला विमानाने यायला पंधरा तास लागतात. हे मी म्हणत नाही, एक वेबसाइट म्हणते. किलोमीटर, तास, मध्ये नकाशावर ऐटदार वाकडी रेघ! असं विमानच नाही, ही किरकोळ गोष्ट तेवढी त्या दिवट्यांनी लिहिली नव्हती.

ताई लग्नानंतर (तेही तिकडेच उरकलेलं) पहिल्यांदाच नवऱ्याला घेऊन येत होती. आईचा एकच हट्ट : भाकरतुकडा ओवाळल्याशिवाय जावयाने उंबरा ओलांडायचा नाही.

"मुंबईला उतरून टॅक्सीने येतो म्हणालीय," आई म्हणाली.

"मुंबई?" माझं डोकंच फिरलं. नाशिकला थेट विमानं यावीत म्हणून मी उन्हातान्हात पत्रकं वाटतोय, आणि माझी सख्खी बहीण मुंबईला उतरणार? "तिची माहिती जुनी आहे! हे बघ, टोरांटो–नाशिक! तिला काही विचारू नकोस, सरप्राइज देऊ."

ताईचा 'निघालो' असा मेसेज आला, मी त्यात पंधरा तास मिळवले आणि सकाळी सकाळी गंगापूर रोडच्या घराला कुलूप ठोकलं. पिंपळगावच्या मामाने द्राक्षांचा टेम्पो आणला होता. पुढे आई, मांडीवर ओवाळणीचं ताट. मागे क्रेटवर बाबा, तोंड फुगवून.

नाशिकचं विमानतळ ओझरला; तिथे दारावरच्या जवानाने मान हलवली. "टोरांटोचं विमान इथं येत नाही."

"येत नाही म्हणजे? इथे लिहिलंय!" मी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. "लेट आहे म्हणा ना! लपवता कशाला?"

ताईचा फोन बंद. ऊन चढलं. निरांजन वाऱ्याने तीनदा विझलं. माझा संताप मात्र विझेना! मी तिथेच घोषणा सुरू केल्या : "थेट विमान मिळालंच पाहिजे!" साथीला एकटा मामा, तोही टेम्पोत आडवा होऊन.

"भाच्या," मामा आभाळाकडे बघत म्हणाला, "त्ये बघ, लय वरून एक चाललंय. हात करू का?"

"मामा, हा नाशिकच्या अस्मितेचा प्रश्न आहे!"

"आरं, पण मला भूक लागलीय!"

संध्याकाळी ताईचा फोन आला. "कुठे उलथलात सगळे? आम्ही दारात बसलोय! कुलूप आहे!"

परतताना आईने मला टेम्पोत मागे, बाबांच्या शेजारी क्रेटवर बसवलं. (ते सगळ्यात वाईट.)

घरी पोचलो तर जावई बॅगेवर बसलेले. त्यांच्या डोक्यावर, आमच्याच दारावर मी चिकटवलेलं लालभडक पोस्टर : 'नाशिककरांनो, आणखी किती वाट बघायची?'

"पटलं मला," ते गंभीरपणे म्हणाले. "सही कुठे करू?"

आईने दिवा लावला, जावयावरून भाकरतुकडा ओवाळला आणि "इडापिडा टळो" म्हणत बाजूला भिरकावला. नेम चुकला, असं ती अजूनही सांगते. मला तर कपाळावर बरोबर मधोमध लागला!