कोब्यात उतरलेली हळद

कुठल्याही घरी कामाला गेल्या गेल्या तो कोब्याचा मिस्त्री खिशातून दुधाची धुतलेली पिशवी काढायचा, कापून सपाट करायचा आणि चिकटपट्टीने कोब्यावर चारी बाजूंनी चिकटवायचा. "उद्या बगू, घाम येतो का," म्हणायचा. दुसऱ्या दिवशी पिशवीला आतून थेंब दिसले की सीलरचा, म्हणजे वरून मारायच्या चकचकीत लेपाचा, डबा उघडायचा नाही. मालक कितीही तणतणला तरी नाही.

पनवेलमध्ये माझं रंगाचं दुकान आहे. खारघरच्या लोकांना रंगीत कोब्याची हौस आली, तेव्हापासून बिघडवलेल्या जमिनींची गाऱ्हाणी माझ्या गल्ल्यापाशी येतात. आत ओल असताना वरून सीलर मारला की तो पांढरा पडतो, त्याला फोड येतात. त्यावर बहुतेकांचा उपाय म्हणजे आणखी एक जाड हात. तुम्हीही तेच केलं असतं. अशांकडे मी त्याला धाडायचो. तो थिनर ओतून, घासून, सगळं काढायचा, कोबा उघडा सुकू द्यायचा आणि मग पातळ हात मारायचा. वर मालकाला ऐकवायचा, "झाकायचा नाय. काढायचा."

तोंडाचा फटकळ. एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, डागावर गालिचा टाकला तर? हा म्हणाला, "पेशंटवर पन गालिचाच टाकता का?" त्या हसल्या म्हणून निभावलं. त्या तोंडापायी माझी काही गिऱ्हाइकं कायमची तुटली.

मग त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा द्रोणागिरीकडचा, घरचे ट्रेलर, घरचं गोदाम. गावाचे डोळे दिपले, त्याचेही. मुलाकडच्यांना घाई होती. त्याच्या नव्या घरातल्या हॉलचा कोबा त्याने स्वतः केला होता, मिठागरातल्या पाण्यासारखा फिकट निळा. हळदीच्या आदल्या दिवशी सीलर न्यायला आला.

"पिशवी लावलीस?" मी विचारलं.

"उद्या हळद हाय, शेट. येळ नाय."

त्यांच्यात हळद लग्नाहून मोठी. गाव लोटलं, बँजो वाजला, सगळे पिवळेधमक होऊन नाचले, आणि खाली सीलर धड वाळलेला नव्हता. नंतर बघतो तर हॉलभर पांढरी साय, आणि मधोमध, मुलगी पाटावर बसली होती तिथे, पिवळा डाग.

पांढरं त्याने काढलं. हळद कोब्यात उतरली होती. शुभ आहे, राहू दे, म्हणाले सगळे. तोही हसला.

वर्ष सरायच्या आत मुलगी परत आली. दंडावर वळ होते. ती हॉलमधून जाताना त्या डागाला वळसा घालून जायची, आणि ते त्याला बघवत नव्हतं. तेवढा डाग तिच्या डोळ्यांसमोरून घालवायचा, एवढंच त्याने धरलं. थिनर नेला, ब्लीच नेलं, पॉलिशपेपर नेले. हळद उन्हाने उडते, पण त्या हॉलमध्ये ऊनच येत नव्हतं.

एकदा दुकानात बसून म्हणाला, "दुनियेच्या कोब्याला पिशव्या लावत फिरलो, शेट. पोरगी दिली त्या घराची ओल नाय बगितली." मी चहा मागवला. त्या मुलाकडच्यांचा मला आजही संताप येतो, आणि थोडा त्याचाही.

"फोडून टाक कोबा," मी म्हटलं.

"फोडायला घेतला व्हता. पोरगी म्हनली, आवाज नको बाबा, लोकं इचारतील."

काही दिवसांनी तो समोरच्या दुकानातून प्लास्टिकची चटई घेऊन निघाला. माझ्या दुकानाकडे त्याने बघितलं नाही.

यंदा तो गेला. झोपेतच गेला म्हणतात. मी पोचलो तेव्हा त्याला हॉलमध्ये आणत होते आणि बायका ती चटई नीट करत होत्या. मुलीने ती त्यांच्या हाताखालून ओढून काढली.

"बाबांना झाकलेलं चालायचं नाय," ती म्हणाली.

उघड्या कोब्यावर, त्या डागावरच त्याला निजवलं. तिच्या सासरचं कुणी आलं नव्हतं. त्याला उचलून नेल्यावर रिवाजाप्रमाणे जमीन धुवायची होती. पाणी तिनेच ओतलं. ओल्या कोब्यावर हळद कालची वाटत होती.